पुस्तकांच्या फळीला पुन्हा पुन्हा झोळ पडतो? जाडी राहू द्या, आधी अंतर मोजा

लेकीने फळीच्या टोकाला गोटी ठेवली. ती घरंगळत मध्यभागी जाऊन थांबली. दुसऱ्या टोकाला ठेवली, तरी मुक्काम तोच. तिला नवा खेळ सापडला आणि मला कळलं की मिस्त्रींना फोन करावा लागणार. सहा वर्षांतला तिसरा.

आमच्या डोंबिवलीच्या घरात हॉलची एक भिंत पुस्तकांची आहे. सासरे मराठीचे शिक्षक होते, त्यामुळे पुस्तकं आणि दिवाळी अंक दोन्ही घाऊक. भिंत आठ फुटांची. २०१७ मध्ये मिस्त्रींनी तिच्यात भिंतीला भिंत लावून मांडणी बसवली. दोन कडांना उभ्या, मध्ये एक उभी, आणि दोन्ही बाजूंना आडव्या फळ्या. म्हणजे एकेक फळी चार फुटांना इंचभर कमी. दिसायला सुंदर, मोकळी मोकळी. त्या मोकळेपणानेच घात केला, पण हे कळायला मला तीन दुरुस्त्या कराव्या लागल्या. तुमचीही फळी दुरुस्त करून पुन्हा बसत असेल, तर तुमच्या तीन दुरुस्त्या तरी वाचाव्यात म्हणून हे सगळं लिहिते आहे.

आधी झोळच आहे ना, ते बघा

फळी वाकडी दिसते याची कारणं चार-पाच असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. एक जाड दोरा घ्या. पुस्तकं तशीच राहू द्या. फळीच्या पुढच्या कडेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा (दोन माणसं लागतात) आणि मध्यभागी दोरा नि फळी यांत किती फट पडते ते पट्टीने मोजा. मिस्त्री हे सुतात सांगतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. फुटामागे अर्ध्या मिलिमीटरपर्यंत झोळ कुणाच्या लक्षात येत नाही. पाऊण मिलिमीटरच्या पुढे गेला की डोळ्याला खुपायला लागतो. आमच्या चार फुटी फळीला सहा सूत निघाला. पाऊण इंच!

मग फळी रिकामी करा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. फळी बरीचशी सरळ झाली तर लाकूड अजून जिवंत आहे, फक्त लांबीला वजन झेपत नाही. तशीच वाकलेली राहिली तर तिने तो बाक कायमचा घेतला. लाकडाचं आणि त्याहून जास्त भुशाच्या बोर्डाचं असं होतं: सतत वजन असलं की महिनोन्‌महिने ते हळूहळू खाली येत राहतं, आणि हवेतला ओलावा वरखाली झाला की हे जास्तच होतं. पहिल्या वर्षी फळी ठणठणीत असते आणि दोन पावसाळ्यांनंतर तिला पोट सुटतं, ते यामुळे.

दोरा मध्ये फळीला चिकटलेला, पण फळी एका टोकाला खाली गेलेली, असं असेल तर तो झोळ नाही. तिथली खुंटी भोकात ढिली झाली आहे, किंवा स्क्रूने बोर्ड धरायचं सोडलं आहे. पार्टिकल बोर्डात, म्हणजे भुशाच्या बोर्डात, हे नेहमीचं. कडेने ओल लागली की बोर्ड फुगतो आणि भोकाचा भुगा होतो. तिथे नवी फळी लावून उपयोग नाही; उभीला आतून सागाची आडवी पट्टी ठोकून फळी तिच्यावर बसवा.

आणि फळी लांबीत नाही, रुंदीत वाटीसारखी वळली असेल, तर खालची बाजू बघा. वर सनमायका आणि खाली नुसतं उघडं लाकूड असेल तर दोन्ही बाजू ओलावा वेगवेगळा घेतात आणि फळी वळते. खालच्या बाजूला पातळ लायनर (आतल्या बाजूचा साधा सनमायका) तरी लावायलाच हवा. हे प्रकरण इथेच संपतं.

पहिली दुरुस्ती: पलटी

२०१९ मध्ये मिस्त्री आले, त्यांनी फळ्या काढल्या, उलट्या केल्या, परत बसवल्या. अर्ध्या तासाचं काम, पैसेही घेतले नाहीत. फळ्या मध्ये किंचित वर आलेल्या, कमानीसारख्या. पुस्तकं ठेवली आणि सपाट झाल्या. वा! दिवाळीपर्यंत सपाट राहिल्या, होळीपर्यंत उलट्या दिशेने वाकल्या.

पलटी मारणं चूक नाही. भाड्याच्या घरात असाल, वर्षभरात हलायचं असेल, तर तेवढंच करा. पण ज्या कारणाने फळी एकदा वाकली ते कारण तिथेच असतं, आणि आता लाकूडही दमलेलं असतं.

तेव्हाच खरं तर मला एक गोष्ट दिसायला हवी होती. फळ्या ब्लॉकबोर्डच्या होत्या. ब्लॉकबोर्डच्या पोटात लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना लागून बसवलेल्या असतात आणि आठ बाय चारच्या शीटमध्ये त्या बहुधा आठ फुटांच्या दिशेने धावतात. फळीचा ताठपणा म्हणजे मुख्यतः या पट्ट्यांचा ताठपणा. त्या फळीच्या लांबीत हव्यात, या आधारापासून त्या आधारापर्यंत. आमच्या फळ्यांची मागची कड सनमायकाशिवाय उघडी होती. तिच्यावर लाकडाचे छोटे छोटे चौकोन ओळीने दिसत होते, बिस्किटांचा पुडा आडवा कापल्यासारखे. म्हणजे पट्ट्या पुढून मागे जात होत्या. वजन पेलायच्या दिशेला जवळजवळ नुसतं वरचं-खालचं पातळ कातडंच होतं.

मिस्त्रींना विचारलं, असं का कापलं? ते म्हणाले, "ताई, कटिंगमध्ये एक फळी जास्त निघते."

खरंच निघते. फळीची खोली दहा इंच. शीट आडवी कापली तर आठ फुटांत, म्हणजे ९६ इंचांत, दहा-दहा इंचांच्या नऊ फळ्या बसतात, प्रत्येक चार फुटांची. उभी कापली तर ४८ इंचांत चार लांब पट्टे, प्रत्येकाचे दोन तुकडे, म्हणजे आठ. त्या नवव्या फळीपायी सगळ्या फळ्यांची कंबर मोडली. मिस्त्रींना दोष देत नाही, मीच त्यांना "शीट वाया घालवू नका" असं दोनदा बजावलं होतं.

तुमच्या फळ्यांची मागची किंवा खालची कड बघा. लांब कडेवर चौकोन दिसले तर पट्ट्या चुकीच्या दिशेने आहेत. सलग लांब पट्टी दिसली तर बरोबर. प्लायवुडमध्ये थर एकाआड एक उलटसुलट असल्याने हा फरक इतका जीवघेणा नसतो, तरी वरच्या थराच्या रेषा फळीच्या लांबीत धावायला हव्यात. नवं काम काढणार असाल तर कापण्याआधी शीटवर पेन्सिलने बाण काढून द्या. मी आता तेच करते.

दुसरी दुरुस्ती: महाग प्लाय

२०२१ मध्ये ठरवलं, आता कंजुषी नाही. ब्लॉकबोर्ड फेकून १८ एमएमचं मरीन प्लाय आणलं, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून. दिशाही बरोबर कापून घेतली. दीड वर्षात झोळ परत आला. कमी आला, पण आला.

इथे पुष्कळांचा गैरसमज असतो, माझाही होता. मरीन प्लायचे जास्तीचे पैसे मुख्यतः पाण्यात न सुटणाऱ्या गोंदाचे आणि कीड-बुरशीवरच्या प्रक्रियेचे असतात. ताठपणात ते साध्या प्लायपेक्षा थोडं वरचढ असतं, नाही असं नाही. पण थोडं. ओल येणाऱ्या भिंतीला ते जरूर लावा. झोळ थांबवायला म्हणून घेत असाल तर पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

कारण तुळईचं गणित असं आहे. फळीवर सगळीकडे सारखी पुस्तकं असतील तर झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. लांबी दुप्पट, झोळ सोळापट. जाडीचा फायदा तिसऱ्या घाताने मिळतो: जाडी दुप्पट, झोळ आठवा भाग. आणि लाकडाच्या ताठपणाचा फायदा सरळ प्रमाणात, वीस-पंचवीस टक्के ताठ तर झोळ तेवढ्याच मापाने कमी. मी सगळ्यात कमजोर आकड्यावर पैसे लावले होते आणि सगळ्यात जोरकस आकडा, चार फूट, तसाच ठेवला होता.

वजन घरीच मोजता येतं. वजनकाट्यावर नुसतं उभं राहा, मग फूटभर पुस्तकं उचलून उभं राहा, फरक लिहा. आमच्या कथा-कादंबऱ्या फुटाला आठ किलोच्या आसपास भरल्या. गुळगुळीत कागदाचे दिवाळी अंक, कोश, कायद्याची जाडजूड पुस्तकं अकरा-बारा किलोपर्यंत जातात. फुटाला आठ किलो धरले तरी चार फुटी, दहा इंच खोल, १८ एमएम प्लायच्या फळीला पहिल्याच दिवशी सेंटिमीटरभर झोळ येतो. पुढे वर्षा-दोन वर्षांत तो जवळजवळ दुप्पट होतो. माझ्या दोऱ्याने जे दाखवलं ते गणिताने आधीच सांगितलं असतं.

त्याच फळीला बरोबर मध्ये एक टेकू दिला तर तो सेंटिमीटर अर्ध्या मिलिमीटरच्याही खाली येतो. चार फूट सोडा, तीन फुटांवरून अडीचवर आलात तरी झोळ निम्मा होतो, दोनवर आलात तर पाचवा भाग.

माझे ठोकताळे आता असे आहेत. १८ एमएम प्लायला दोन फूट निर्धास्त, अडीच फूट ही हद्द. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) आणि पार्टिकल बोर्डला दोन फुटांच्या पुढे जाऊच नका, तेही हलक्या पुस्तकांना. पाऊण-इंची अस्सल सागाची फळी तीन फूट पेलते. कुणी "तीन फुटांना २५ एमएम घाला" म्हटलं तर चालेल, २५ एमएम १८ पेक्षा अडीचपटीहून जास्त ताठ असतं. फक्त तेवढ्याच पैशात एक उभी जास्त घातली तर जास्त उपयोग होतो.

टेकूची फसगत

हे गणित कळल्यावर मी हुशारी केली. मिस्त्रींची वाट न बघता उरलेल्या प्लायचा एक तुकडा सगळ्यात जास्त झोळ असलेल्या फळीखाली मध्यभागी उभा सरकवला. घट्ट बसला. फळी सरळ. आठवड्याभरात तिच्या खालच्या फळीला असं पोट सुटलं की पुस्तकांच्या वरच्या कडा पंख्यासारख्या एकमेकींत मिटल्या.

साहजिक आहे, पण तेव्हा सुचलं नाही. टेकू वजन नाहीसं करत नाही, खाली पोचवतो. खालच्या फळीला आता स्वतःची पुस्तकं आणि वरच्या फळीचं अर्ध्याहून जास्त ओझं, तेही नेमकं मध्यभागी. टेकू लावायचा तर प्रत्येक कप्प्यात, एकाखाली एक, थेट जमिनीपर्यंत. शेवटच्या फळीखाली जो पोकळ पाया असतो, त्यातही नेमक्या त्याच जागी ठोकळा हवा. सगळे टेकू एका रेषेत आहेत का ते ओळंब्याने बघा. इंचभर इकडेतिकडे झालं तरी फळीवर ताण येतो.

म्हणूनच एखादा कप्पा मोकळा, रुंद हवा असेल तर तो सगळ्यात वरचाच ठेवता येतो. मधला कप्पा मोकळा ठेवला की साखळी तुटली.

२०२३: काय केलं, कसं केलं

दोन्ही बाजूंच्या चार फुटी कप्प्यांत मध्ये उभ्या घातल्या. फळ्या तीच मरीन प्लायची, बदलल्या नाहीत.

उभीची उंची मोजताना सगळे चुकतात. फळ्या वाकलेल्या असताना मध्ये पट्टी लावली तर झोळासकट माप मिळतं. उंची नेहमी कडेला मोजायची, जिथे फळी उभीला टेकते तिथे. सगळी पुस्तकं उतरवली, मग सगळ्यात खालच्या कप्प्यापासून सुरुवात केली. दोन लाकडी पाचरी उलटसुलट एकमेकींवर ठेवून हातोडीने हळूहळू ठोकल्या, की वरची फळी सुताच्या हिशोबाने उचलली जाते. ती सरळ झाली की कडेच्या मापाची उभी पुढून ठोकून आत सरकवायची, गुण्या लावून काटकोन बघायचा, वरून-खालून तिरपे स्क्रू मारायचे आणि मग पाचरी काढायच्या. मिस्त्री एका दुपारी दोन्ही बाजू उरकून गेले. सासरे शेजारी बसून पुस्तकांचे गठ्ठे विषयवार लावत होते आणि मिस्त्रींना चहाबरोबर व्याकरणही पाजत होते.

दोन्ही बाजूंचे सगळ्यात वरचे कप्पे मोकळे ठेवले, कारण एकात घरच्या सगळ्यांचा मोठा फोटो आहे, अडीच फुटी चौकटीचा. त्या कप्प्यांच्या माथ्यावरची फळी त्यामुळे अजूनही चार फुटीच आहे. तिला वेगळा इलाज केला. ज्यांना मध्ये उभी नकोच, त्यांनी हा वाचावा.

फळीच्या पुढच्या कडेला सागाची पट्टी लावायची, पण सपाट नाही, उभी. दीड इंच उंच, पाऊण इंच जाड, वरची कड फळीच्या पृष्ठभागाला लागून, बाकीची खाली लोंबती. पूर्ण लांबीत गोंद लावून, शिकंजे आवळून, रात्रभर ठेवून. १८ एमएम प्लायची फळी याने जवळजवळ तिप्पट ताठ होते. नुसत्या हेडलेस खिळ्यांवर लावलेली शोभेची पट्टी मात्र यातलं फार थोडं करते. काम गोंद करतो.

पण पुढची कड ताठ झाली आणि मागची मोकळी राहिली तर मागची कड खाली जाते आणि पुस्तकं मागे कलतात. मांडणी भिंतीत असल्याचा फायदा इथे घ्या. फळीच्या मागच्या कडेखाली भिंतीलाच सागाची पट्टी मारा, दर फूट-सव्वा फुटाला एक स्क्रू. स्क्रू प्लास्टरमध्ये नाही, विटेत पोचला पाहिजे. आमची इमारत जुनी, विटांची, त्यामुळे साध्या गिट्टीवर (स्क्रूसाठी भोकात ठोकतात ती प्लास्टिकची नळी) भागलं. नव्या इमारतींत एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती असतात. त्या मऊ असतात, साधी गिट्टी त्यात फिरते, म्हणून त्यांच्यासाठीची लांब नायलॉनची गिट्टी मागून घ्या. काँक्रीटची भिंत असेल तर हॅमर ड्रिलशिवाय कुणाचं काही चालत नाही.

सागाऐवजी पुढच्या कडेखाली एक इंची चौकोनी लोखंडी पाइप (दोन एमएम जाडीचा) लावला तर तो एकटाच फळीच्या चौपट ताठ असतो. काळा रंग मारला की दिसतही नाही. मला लोखंड आणि पुस्तकं शेजारी आवडत नाहीत, एवढंच.

दोन फळ्या एकावर एक ठेवून जाडी दुप्पट करायचा विचार असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. नुसत्या ठेवल्या तर ताठपणा फक्त दुप्पट, कारण दोन्ही एकमेकींवर घसरत आपापल्या वाकतात. पूर्ण पृष्ठभागाला गोंद लावून चिकटवल्या तर आठपट.

नवीन करून घेणार असाल तर

उभ्या तुकड्यांत आणि आडवी फळी अखंड, असं करून मागा. मिस्त्री सवयीने उभी अखंड ठेवतात आणि फळ्यांचे तुकडे करतात, कारण ते जोडायला सोपं. पण आठ फुटी फळी मधल्या आधारावरून सलग गेली, तर दोन सुट्या तुकड्यांपेक्षा झोळ निम्म्याहून कमी राहतो. एका बाजूचं वजन दुसऱ्या बाजूला वर उचलू बघतं. तोटा एवढाच की फळ्या वरखाली सरकवता येत नाहीत. मला विचाराल तर पुस्तकांच्या मांडणीत फळ्या सरकवतं कोण? आम्ही सहा वर्षांत एकदाही नाही.

आमच्या आजोळी भिंतीतल्या कोनाड्यात कडप्प्याच्या फळ्या होत्या, दोन्ही टोकं भिंतीत रोवलेल्या. त्यांना कधी झोळ पडला नाही, कारण दगड वाकत नाही. एक मात्र खलबत्ता पडल्यावर सरळ दोन तुकडे होऊन खाली आली. भिंत बांधतानाच हे जमतं. नंतर खाच पाडून बसवायच्या फंदात पडू नका.

आज काहीच करायचं नसेल तर निदान पुस्तकं हलवा. जड कोश आणि अंकांचे गठ्ठे दोन्ही टोकांना, उभीलगत. मध्ये पातळ कवितासंग्रह. सासऱ्यांना हे पटायला वेळ लागला, कारण लेखकांचा क्रम मोडतो. शेवटी तह झाला: खालच्या दोन फळ्या वजनाप्रमाणे, वरच्या अकारविल्हे.

या पावसाळ्यानंतर पुन्हा दोरा लावला. उभ्या घातलेल्या फळ्यांना अर्ध्या सुताहून कमी, म्हणजे दोऱ्याखाली पोस्टकार्डही जेमतेम सरकतं. माथ्यावरच्या चार फुटीला एक सूत आहे, तिच्यावर मी आता फक्त रिकामी सुटकेस ठेवते. गोटी अजूनही घरंगळते, पण आता ती खिडकीकडे जाते. मिस्त्री म्हणतात, तो जमिनीचा उतार आहे.